पाचशे मीटर म्हणजे किती?

(निलंगा परिसरातल्या महिला गटानं सामुदायिक रेडिओवर केलेल्या भाषणाचा मजकूर)



गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायची नाही, हा नियम तुमच्यातल्या बऱ्याचजणींनी ऐकला असेल. १९९३ च्या महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात तो आला. रोजगार हमीतून सिंचन विहीर मंजूर करतानाही हीच पाचशे मीटरची अट बघतात. हा नियम कशासाठी, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. शेजारच्या रानात विहीर पडली, तिच्यावर मोटार बसली, की मार्च महिन्यात गावच्या विहिरीचा तळ दिसायला लागतो. मग घागर घेऊन चालायचं कुणी, तर आपणच. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. खेड्यापाड्यातल्या बायांसाठी कुठली रेल्वे आली नाही.

पण आज आम्हाला नियमावर बोलायचं नाही. ते पाचशे मीटर मोजतात कसे, यावर बोलायचं आहे.

पूर्वी टेप धरून मोजायचे, नाहीतर साखळी टाकून. आता कॉम्प्युटरवर नकाशा उघडतात, या विहिरीवर एक टिचकी, त्या जागेवर दुसरी, आणि आकडा समोर येतो. तो कागदावर छापून ग्रामसभेत टेबलावर ठेवला, की चर्चाच थांबते. छापील आकड्यापुढं कोण बोलणार? आम्ही निलंग्यातल्या सहा-सातजणी दोन वर्षांपासून गटाच्या लॅपटॉपवर क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. ते फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. गावातल्या विहिरी, हातपंप, आड, नाले यांचे नकाशे आम्ही त्यावर केले. त्यात एक गोष्ट ठळकपणे दिसली. दोन विहिरी त्याच, सॉफ्टवेअर तेच, तरी अंतराचे आकडे तीन येऊ शकतात.

उदाहरण घेऊ. समजा, गावच्या विहिरीच्या पूर्वेला बरोबर ४८० मीटरवर कुणाला नवी विहीर घ्यायची आहे. म्हणजे जागा पाचशेच्या आत, परवानगीचा प्रश्न येणारच. आता सॉफ्टवेअर उघडलं, मागं उपग्रहाचं चित्र लावलं, मोजपट्टीचं बटण दाबलं. एका पद्धतीनं उत्तर येतं ४८० मीटर. दुसऱ्या पद्धतीनं येतं ५०५ मीटर. म्हणजे कागदावर विहीर नियमाच्या बाहेर गेली, जमिनीवर मात्र ती जागची हललेली नाही. तिसऱ्या पद्धतीनं येतं ०.००४५, आणि ते काय आहे हेच कळत नाही.

आमच्या गटातल्या एका मावशींनी हे बघून विचारलं होतं, "अगं बाई, मग काम्पुटर खोटं बोलतंय का?" खोटं नाही मावशी. त्याला जे विचारलं त्याचं त्यानं बरोबर उत्तर दिलं. विचारलं काय, ते आपल्याला माहीत पाहिजे.

आधी त्या ०.००४५ चं बघू. ते मीटर नव्हेत, अंश आहेत. पृथ्वीवरची जागा सांगायला अक्षांश आणि रेखांश लागतात, हे शाळेत शिकलोय. आपलं निलंगा साधारण १८.१२ अंश उत्तर आणि ७६.७५ अंश पूर्व असं आहे. मोबाइलमधलं जीपीएस जागा याच भाषेत सांगतं. जागा सांगायला ही भाषा उत्तम आहे, अंतर मोजायला मात्र कामाची नाही. कारण एक अंश म्हणजे किती किलोमीटर, हे दिशेवर अवलंबून असतं. आपल्याकडं उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे ११०.७ किलोमीटर. पूर्व-पश्चिम एक अंश म्हणजे सुमारे १०५.८ किलोमीटर. रेखांशाच्या रेघा ध्रुवाकडं जाताना एकमेकींजवळ सरकत जातात, म्हणून हा फरक. तेव्हा ०.००४५ अंश हा एकच आकडा उत्तर-दक्षिण धरला तर ४९८ मीटर होतो आणि पूर्व-पश्चिम धरला तर ४७६ मीटर. बावीस मीटरचा फरक फक्त दिशेनं पडला. "एक अंश म्हणजे एकशे अकरा किलोमीटर, गुणा आणि मोकळे व्हा," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा हिशोब विषुववृत्तावर बरा जमेल.

आता ते ५०५ कुठून आलं? हा जरा फसवा प्रकार आहे. मोबाइलवर आपण जो नकाशा बघतो, बोटांनी मोठा-लहान करतो, तो एका विशिष्ट पद्धतीनं सपाट केलेला असतो. तिचं नाव वेब मर्केटर. मूळ कल्पना १५६९ सालची, गेरार्डस मर्केटर नावाच्या नकाशाकाराची. त्याला जहाजवाल्यांची सोय बघायची होती. दिशा बरोबर राहावी म्हणून त्यानं विषुववृत्तापासून जसजसं लांब जाऊ तसतसा नकाशा ताणत नेला. कोपरे बरोबर राहिले, लांबी वाढली. कन्याकुमारीला हा ताण टक्काभर. आपल्या निलंग्याला पाच ते सहा टक्के. श्रीनगरला वीस टक्क्यांच्या वर. ज्यांच्या लेकी लंडनला नांदतात त्यांच्यासाठी सांगतो, तिथं तर साठ टक्के. म्हणून त्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं.

आपले ४८० मीटर या ताणलेल्या कागदावर पूर्व-पश्चिम ५०५ होतात. उत्तर-दक्षिण असते तर ५०८ झाले असते. क्षेत्रफळाचं तर विचारूच नका. लांबी ताणली, रुंदीही ताणली, म्हणून एक एकर म्हणजे चाळीस गुंठ्यांचं रान या कागदावर चव्वेचाळीस गुंठ्यांच्या वर दिसतं. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. असे चार गुंठे हवेतून आले! भावाभावांत, जावाजावांत एका गुंठ्यावरून बोलणं बंद होतं, हे आपण बघतोच.

याची उलटी बाजू जास्त त्रासाची आहे. क्यूजीआयएसमध्ये विहिरीभोवती वर्तुळ काढायचं साधन आहे, त्याला बफर म्हणतात. वेब मर्केटरमध्ये ५०० लिहून वर्तुळ काढलं, तर जमिनीवर ते फक्त ४७५ मीटरच्या आसपास भरतं. नकाशावर दिसायला छान गोल, खाली ठळक अक्षरात "५०० मीटर संरक्षित क्षेत्र". प्रत्यक्षात पंचवीस मीटर रुंदीचा एक पट्टा सगळीकडून गळालेला असतो. एका विहिरीभोवती तो एकोणीस-वीस एकर भरतो. तेवढ्या रानात कुठंही विहीर घेतली तर नकाशा म्हणणार, चालतंय की. आणि अंशांच्या नकाशावर कुणी ५०० लिहिलं, तर ते ५०० अंश धरलं जातं. अख्खी पृथ्वीच ३६० अंशांची, म्हणजे वर्तुळ जगाला गुंडाळून वर उरणार. पण ते परवडलं. जगभर पसरलेलं वर्तुळ लगेच डोळ्यात भरतं, पंचवीस मीटरची चोरी कुणाला दिसत नाही.

मग बरोबर पद्धत कुठली? इथं शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींना लवकर कळेल. गोल वस्तूवर सपाट कापड बसवायचं तर कुठंतरी चुणी येते, नाहीतर ताण येतो. त्यावर उपाय म्हणजे कळ्या. कळीदार परकर शिवताना आपण अरुंद कळ्या कापतो आणि जोडतो. प्रत्येक कळी जवळजवळ सपाट असते, म्हणून ती नीट बसते. नकाशावाल्यांनी पृथ्वीच्या अशाच साठ कळ्या केल्या, प्रत्येक सहा अंश रुंद. या पद्धतीला यूटीएम म्हणतात. आपली कळी त्रेचाळिसावी, ७२ अंशांपासून ७८ अंश रेखांशापर्यंत. क्यूजीआयएसमध्ये तिचा नंबर आहे ३२६४३. शेवटचे दोन आकडे ४३, म्हणजे लक्षात ठेवायला सोपं. या पद्धतीत मोजमाप मीटरमध्येच येतं.

कळीतसुद्धा बारीक ताण असतोच. मधल्या रेघेवर, म्हणजे ७५ अंशांवर, अंतर किलोमीटरमागं चाळीस सेंटीमीटर कमी दाखवतं, कडेला थोडं जास्त. मध्ये कुठंतरी ते बरोबर जुळतं. मधल्या रेघेपासून साधारण १८० किलोमीटरवर ही जुळणी होते, आणि आपलं निलंगा त्या रेघेपासून १८५ किलोमीटरवर आहे. म्हणजे नीलकंठेश्वराच्या देवळापासून एक किलोमीटर मोजलं तर चूक दोन-तीन सेंटीमीटरची. हा निव्वळ योगायोग, पण आम्हाला याचा फार आनंद झाला होता.

नांदेडकडच्या मैत्रिणींनी मात्र जरा सावध राहावं. ७८ अंशांची रेघ त्यांच्या जिल्ह्यातून जाते. बराचसा जिल्हा त्रेचाळिसाव्या कळीत आणि किनवट पलीकडं, चव्वेचाळिसाव्यात. किनवटचा नकाशा कुणी ४४ मध्ये केला आणि तुम्ही त्यावर चुकून ४३ चं नाव लावलं, तर किनवट सहा अंश पश्चिमेला सरकतं आणि पालघरच्या किनाऱ्यापुढं अरबी समुद्रात जाऊन पडतं. आपल्या निलंग्याला ४४ लावलं तर ते विशाखापट्टणमकडच्या डोंगरात निघतं.

यातच एक बारकी गोष्ट आहे, ती नीट ऐका. सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळी कामं आहेत. एक म्हणजे थराला सीआरएसचं नाव लावणं, दुसरं म्हणजे थर एका पद्धतीतून दुसरीत बदलून घेणं. सीआरएस म्हणजे नकाशा कुठल्या मोजमापात केलाय त्याचं नाव. पहिलं काम डब्यावर चिठ्ठी चिकटवण्यासारखं. ज्वारीच्या डब्यावर "तांदूळ" लिहिलं म्हणून आत तांदूळ होत नाही. अंशांतला नकाशा मीटरमध्ये हवा असेल तर रिप्रोजेक्ट लेयर हे साधन वापरून नवा थर तयार करावा लागतो. "सेट सीआरएस" हे फक्त चिठ्ठीचं काम. ती चिठ्ठी आधीच हरवली असेल तेव्हाच त्याला हात लावायचा.

आपल्या भागाला अंतर मोजायचं वेड नवं नाही, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. विल्यम लॅम्ब्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०२ मध्ये मद्रासला पायारेषा मोजून हिंदुस्थानची मोठी मोजणी सुरू केली. ७८ अंशांच्या त्याच रेघेच्या आसपास तो दक्षिणेकडून उत्तरेकडं सरकत आला. १८१५ मध्ये त्यानं बीदरजवळ एक पायारेषा मोजली. बीदर निलंग्यापासून सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, आणि १९५६ पर्यंत आपला निलंगा तालुका बीदर जिल्ह्यातच होता. म्हणजे हे आपल्या जुन्या जिल्ह्याच्या गावी घडलेलं काम. शंभर फुटी पोलादी साखळी लाकडी पेट्यांत ठेवून, ऊन लागून ती लांबते म्हणून शेजारी तापमापक लावून ही माणसं मोजत जात. साखळी उन्हात किती लांबली याचा हिशोब ठेवणारी माणसं ती, आणि आज आपण पंचवीस मीटर सहज सोडून देतो! लॅम्ब्टन १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला, तिथंच त्याची कबर आहे.

आता हाताशी लॅपटॉप असेल त्यांच्यासाठी. कोरं पान उघडून पहिल्यांदा उपग्रहाचं चित्र किंवा रस्त्यांचा नकाशा टाकला, की क्यूजीआयएस आपोआप वेब मर्केटरमध्ये जातं. खाली उजव्या कोपऱ्यात ३८५७ असा नंबर दिसतो, तो वेब मर्केटरचा. ४३२६ दिसला तर अंश. ३२६४३ दिसला तर आपली कळी. त्या कोपऱ्याकडं बघायची सवय लावा, दुधावर लक्ष ठेवतो तशी. मोजपट्टीची खिडकी उघडली की तिच्यात दोन पर्याय असतात, कार्टेशियन आणि इलिप्सॉइडल. कार्टेशियन म्हणजे कागद सपाट धरून मोज. इलिप्सॉइडल म्हणजे पृथ्वीचा ध्रुवांकडं जरा चेपलेला खरा गोल धरून मोज. दुसरा पर्याय निवडला तर नंबर ३८५७ असला तरी अंतर बरोबर येतं. आमचे ४८० आणि ५०५ याच दोन पर्यायांचे. बफरला मात्र हा पर्याय नसतो. ते बिचारं कागदावरच मोजतं, म्हणून वर्तुळ काढायच्या आधी थर ३२६४३ मध्ये बदलून घ्यायचाच.

मोबाइलवर गूगलच्या नकाशात अंतर मोजायची सोय आहे, ती चालेल का, असं पुष्कळजणी विचारतात. चालेल. चित्र ताणलेलं असलं तरी अंतराचा हिशोब ते गोल पृथ्वीवरच करतं. ज्यांच्याकडं लॅपटॉप नाही त्यांनी छापील नकाशाचा आकडा पडताळायला बिनधास्त मोबाइल काढावा. फरक पाच टक्क्यांचा आला तर समजायचं, हा ताण वेब मर्केटरचा.

मात्र एक मर्यादा पाळायची. मोबाइलचं जीपीएस उघड्या माळावरसुद्धा चार-पाच मीटर इकडंतिकडं होतं, झाडाखाली, भिंतीजवळ त्याहून जास्त. म्हणून तुमचा आकडा ४९७ आला आणि समोरच्याचा ५०२, तर त्यावर भांडू नका. तिथं टेप टाकायला सांगा. ४८० आणि ५०५ मध्ये मात्र गप्प बसायचं कारण नाही. आणि बांधाच्या हद्दीचा वाद असेल तर आपल्या लॅपटॉपची मोजणी कुणी धरणार नाही, धरूही नये. ते काम भूमी अभिलेख खात्याचं. विहिरीच्या बाबतीत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे सरकारी खातं आहे. आपला नकाशा प्रश्न विचारायला उपयोगी. तो हातात असला की प्रश्न नेमका विचारता येतो.

अंतर कुठून धरलं, हेही विचारायचं. आपल्या भागात हा प्रश्न जास्तच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर औसा, निलंगा, उमरगा, लोहारा भागातली कितीतरी गावं नव्या जागी वसली. जुन्या नकाशात गावाचं नाव जुन्या गावठाणावर आहे, माणसं राहतात पुनर्वसनात. नावावर टिचकी मारून अंतर मोजलं, तर सॉफ्टवेअर पडक्या भिंतींपासून मोजतं. टिचकी गावाच्या नावावर नको, विहिरीवरच पाहिजे. विहिरीपाशी उभं राहून जीपीएस घ्यावं. जाताना कुणाला तरी सोबत घ्या, म्हणजे एक लिहील आणि एक बघील.

आणि सरळ रेषेचं अंतर वेगळं, चालायचं अंतर वेगळं. भूगर्भातलं पाणी वाटेनं चालत नाही, म्हणून विहिरींसाठी सरळ रेषाच धरायची. पण शाळेचं तसं नाही. शिक्षण हक्काच्या नियमात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. औराद शहाजानीकडं तेरणा आणि मांजरा एकत्र येतात. तिथं नदीपलीकडची शाळा नकाशावर आठशे मीटर दिसेल, आणि पावसाळ्यात पोरीला पूल गाठायला किती चालावं लागेल ते तिच्या आईला विचारा. तिथं रेषा रस्त्यावरून, वळणं घेत मोजायची, आणि नकाशावर तसं लिहायचं.

शेवटी नकाशाच्या कोपऱ्याबद्दल. आमच्या गटात आता छापील नकाशावर चार गोष्टी लिहिल्याशिवाय तो बाहेर जात नाही: तारीख, सीआरएसचा नंबर, अंतर कागदावरचं की खऱ्या गोलावरचं, आणि मोजणी कुठून कुठं केली. दुसऱ्या कुणी आणलेल्या नकाशावर हे नसेल तर ग्रामसभेत उठून विचारा, "भाऊ, हा नंबर ३८५७ आहे की ३२६४३?" पहिल्यांदा लोक हसतील. मग नकाशा आणणारा माणूस लॅपटॉप उघडतो, आणि सगळे वाकून बघायला लागतात.

गुंठ्यांचा आणि क्षेत्रफळाचा विषय आज नुसता शिवला. पुढच्या भागात तोच घेऊ. तोवर घरातला सातबारा शोधून ठेवा, त्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये लिहिलेलं असतं, ते वहीत उतरवून घ्या.